उद्या भाजी कुठली?

शिरोली एमआयडीसीत विजयसिंह सरनोबताची फौंड्री आहे. भट्टीतून लोखंडाचा रस ओतायची वेळ आली की कामगार मागं सरतात, आणि विजयसिंह तेवढ्यात पुढं होऊन त्या उजेडात लग्नाच्या पत्रिका वाचून घेतो, असं लोक सांगतात. त्याच्या मिशीचं डावं टोक त्या धगीनं कायमचं वर वळलं. उजवं त्यानं जोडीला शोभावं म्हणून सलूनमध्ये वळवून घेतलं. एका वर्षी गवा वाट चुकून कळंब्याच्या बाजूला वस्तीत शिरला, तर सगळी गल्ली माडीवर आणि विजयसिंह एकटा रस्त्यात. गव्याला म्हणाला, "काय पावणं, इकडं कुठं?" गवा म्हणे ओशाळला आणि आल्या वाटेनं परत गेला.

ह्यातलं खरं किती, ते गव्यालाच विचारायला पाहिजे. पण एक गोष्ट पक्की खरी होती आणि ती जगात फक्त त्याच्या बायकोला, क्रांतीला, ठाऊक होती. विजयसिंह भुताच्या पिक्चरला भीत असे. साधासुधा नव्हे, चांगला घाम फुटून भीत असे. एखाद्या पिक्चरची नुसती जाहिरात डोळ्यांपुढून गेली तरी पुढं आठवडाभर तो बाथरूममध्ये शिरून कडी लावायचा आणि आतून हाक द्यायचा, "क्रांते, उद्या भाजी कुठली?"

"दोडका."

"आणि परवा?"

बाहेर भाजीची चर्चा चालू आहे तोवर भूत आत येत नाही, असा त्याचा अंदाज होता, आणि तो आजवर कधी चुकला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी क्रांतीला वाटलं होतं, नवरा खाण्याचा शौकीन मिळाला. खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता ती बाथरूमच्या दाराशी उभी राहून भाज्यांची नावं घेता घेता दुसऱ्या दिवशीचा डबाही ठरवून टाकत असे.

तर दिवाळी उलटली. डब्यांच्या तळाला चकलीचे तुकडे आणि शेवेचा चुरा उरला, टेरेसवरच्या किल्ल्याचा एक बुरूज मांजरानं बसून खाली आणला, आणि अशात एका सकाळी राजनंदिनीनं चहा पिता पिता जाहीर केलं, "पप्पा, एकतीस तारखेला मी टेरेसवर हॅलोविन करतोय."

राजनंदिनी, घरात नंदू, म्हणजे विजयसिंहाची एकुलती एक लेक. वारणानगरला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करायची, दिवाळीला घरी आली होती, आणि कोल्हापूरच्या पुष्कळ पोरींसारखी "मी येतो, मी जातो" असं बिनधास्त बोलायची.

"म्हंजे काय असतंय?" विजयसिंहानं विचारलं.

"तिकडं भुतांचा दिवस असतोय. भोपळ्याला तोंड कोरायचं, भुतासारखं नटायचं."

"म्हंजे आपली सर्वपित्री की. कावळ्याला घास ठेवत्यात काय?"

"न्हाई, पोरांना चॉकलेट देत्यात."

"झ्याक हाय. कावळ्याची वाट बघायला नगो." विजयसिंह उदार होऊन म्हणाला. "कर की मग. रश्श्याचं मी बघतो."

"रस्सा ठीक हाय वो. पण मेन म्हंजे पिक्चर. चादर लावून भुताचे पिक्चर दाखवायचे. एकदम खतरनाक. मी सगळ्यांना सांगून ठेवलोय, आमच्या पप्पांना पुढच्या खुर्चीत बसवतो आणि बघा, पापणी हलवत न्हाईत. आदिती तर म्हणली, काकांचा व्हिडिओ काढू."

विजयसिंहाच्या हातातला खारीचा तुकडा चहात पडला आणि बुडाला. क्रांती पोह्याला फोडणी देत होती, तिनं मुद्दाम मागं वळून बघितलं नाही. तिच्या खांद्यांवरून मात्र कळत होतं, ती हसते आहे.

आता इतरांपुढं शोभा झाली असती तर विजयसिंहानं ती पचवली असती. तालमीतल्या मंडळींपुढं काहीतरी थाप मारता आली असती. पण नंदू! लहानपणी आजारी पडली तर देवाचं नाव घ्यायच्या आधी ही पोरगी "पप्पांना बोलवा" म्हणायची. वयात आल्यावर पोरांना आपल्या बापाची उंची बरोबर कळते म्हणतात. नंदूला अजून कळली नव्हती. तिच्या लेखी बाप वाघ होता, आणि तो तसाच राहावा एवढंच विजयसिंहाला हवं होतं. त्यानं चमच्यानं खारी बाहेर काढली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पिक्चर मी निवडणार."

"तुमी?"

"मग कोण? ज्याला भ्या वाटत न्हाई त्यालाच कळतंय, भ्या कशात हाय ते."

असल्या वाक्यापुढं कुणीही हात टेकले असते. नंदूनंही टेकले.

निवड सुरू झाली. नंदू आणि तिची मैत्रीण आदिती कॉलेजातून नावं पाठवत, आणि विजयसिंह भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघडून, आवाज बंद करून, मांडीवर मांजर घेऊन पिक्चर "तपासायला" बसे. तपासायचं म्हणजे काय, तर कंपनीचं नाव, पाट्या आणि पहिलं हसरं कुटुंब नव्या घरात सामान उतरवतं तिथपर्यंत. घरातला दिवा एकदा लुकलुकला की त्याचं मत तयार होई.

रविवारी दोघी समोर येऊन बसल्या.

"काका, तो बाहुलीचा बघितला?" आदितीनं विचारलं. ती गूळ मार्केटातल्या अण्णासो मगदुमांची पोरगी. अण्णासो म्हणजे विजयसिंहाचा चड्डीतला दोस्त.

"बघितला. अगं, बाहुली ती! कापसाची! आमच्या वेळी पोरी बाहुलीची लग्नं लावत हुत्या. कापसाला काय भ्यायचं?"

खरं म्हणजे त्या बाहुलीचं नुसतं पोस्टर बघून त्यानं नंदूची लहानपणची बाहुली कपाटातून उचलून माळ्यावर टाकली होती, आणि तेव्हापासून माळ्यावरचं काहीही आणायचं काम क्रांतीकडं गेलं होतं.

"कट," नंदू झटकन म्हणाली.

"आणि तो बंद पडलेल्या इस्पितळाचा?"

"त्यात भूत हाय, पण डॉक्टर न्हाईत. डॉक्टर असते तर म्हटलं असतं भीतीदायक."

"कट."

"लिफ्टचा?" आदिती चिकाटीची होती. "त्यात लिफ्ट मधेच थांबतीय आणि..."

"पुढं सांगू नगं!" विजयसिंह जरा मोठ्यांदाच ओरडला. मग खोकला. "म्हंजे, मजा जातीय. पण आपल्या घराला लिफ्टच न्हाई. ज्याच्या घराला लिफ्ट न्हाई त्याला काय भ्या? कट!"

"कट," नंदूनंही मान डोलावली. तिची मान जरा जास्तच उत्साहानं डोलत होती, पण विजयसिंह त्या वेळी आपल्याच घामात होता, त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"मग लावायचं काय?" आदिती वैतागली. "मिसळीवर तर्री नको, कांदा नको, फरसाण नको. राहिलं काय?"

आणि तिथंच विजयसिंहाला तो पिक्चर आठवला.

कोल्हापुरात एके काळी इतके पिक्चर निघाले, की आजही गल्लीत एक ना एक माणूस असा सापडतोच जो कुठल्यातरी पिक्चरमध्ये मेलेला आहे, किंवा निदान लग्नाच्या पंगतीत जेवलेला आहे. विजयसिंह सहा वर्षांचा असताना कळंबा तलावावर "तळ्याकाठची पाव्हणी" नावाच्या एका पिक्चरचं शूटिंग झालं होतं. त्यातली हडळ म्हणजे त्यांच्याच गल्लीतली धोंडुबाई. स्टुडिओत गर्दीची कामं करणारी बाई, उंच, आवाज खणखणीत. त्या शूटिंगचा किस्सा म्हणजे विजयसिंहाच्या शूरपणाचं मूळ. केस मोकळे सोडून, पांढऱ्या लुगड्यात, धोंडुबाई तळ्यातून वर आली, आणि बघायला जमलेली सगळी पोरं किंचाळत पळाली. एकटा विजयसिंह उभा राहिला आणि तिला म्हणाला, "काकी, लुगडं पिळून घ्या, सर्दी हुईल."

हा किस्सा त्याच्याबरोबर मोठा झाला होता. शाळेत असताना तो नुसता उभा राहिलेला असे. कॉलेजात गेल्यावर त्याला लुगड्याचं वाक्य सुचलं. लग्न ठरलं तेव्हा त्यात डायरेक्टर आला आणि त्यानं ह्याला खांद्यावर घेतलं. चाळीसेक वर्षं सांगून सांगून आता तर विजयसिंहाला तो प्रसंग डोळ्यांपुढं लख्ख दिसत असे, लुगड्यातून निथळणाऱ्या पाण्यासकट. अण्णासो एकटाच कधीमधी कुरकुर करी, "विज्या, त्या दिवशी मीबी हुतो की रं तिथं." त्यावर विजयसिंहाचं उत्तर ठरलेलं. "तू पळालतास. तुला काय दिसणार?" ह्याच्यापुढं अण्णासोला बोलता येत नसे, कारण तो खरोखरच पळाला होता.

पिक्चर मात्र विजयसिंहानं कधी बघितला नव्हता. तो लागला तेव्हा ह्याला गोवर आला, आणि पुढं टीव्हीवर लागला तेव्हा फौंड्रीत अचानक काम निघालं. पण आता त्यानं मनातल्या मनात विचार केला. हडळ ओळखीची. तिनं लहानपणी आपल्याला थालीपीठ दिलंय. थालीपीठ देणाऱ्या बाईला कोण भितं? शिवाय आपला पराक्रम त्याच तळ्याकाठचा. पोरांना पिक्चरही दाखवू, जागाही दाखवू आणि ताठ बसून राहू.

"तळ्याकाठची पाव्हणी," तो म्हणाला. "बाकी सगळं फालतू."

नंदूचे डोळे चमकले. "तुमच्या गोष्टीतला? पप्पा, लई भारी!" आदितीनं लगेच मोबाईलवर शोधला. कुणीतरी यूट्यूबवर चढवला होता, चित्र जरा पिवळं पडलेलं, पण अख्खा.

"तपासून घेता काय?" क्रांतीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"त्यात काय तपासायचं? मी हुतो की तिथं!"

एकतीस तारखेला संध्याकाळ पडायच्या आत टेरेस भरली. नंदूनं लाल भोपळ्याला दात कोरून आत पणती ठेवली होती आणि तो भोपळा दिवाळीच्या किल्ल्यावर, मांजरानं पाडलेल्या बुरुजाच्या जागी बसवला होता. खाली मातीचे मावळे भाले घेऊन उभे आणि वर हे दात काढणारं धूड, असा देखावा ह्या किल्ल्यावर आजवर झाला नव्हता. भोपळ्याच्या गराचे क्रांतीनं घारगे केले होते. पोरं नटून आली होती. एकानं काळा रेनकोट घालून सुळे लावले होते, मोना नावाची पोरगी दोन्ही हातांना पट्ट्या बांधून आली होती, आणि एक जण अंगभर गणितं लिहून नापास झालेल्या विषयाचा पेपर बनून आला होता. सगळ्यात जास्त घाबरले ते त्यालाच.

अण्णासोनं तालमीतली आठ-दहा माणसंही गोळा करून आणली होती. "म्हटलं, विज्याचा पराक्रम एकदा याचि डोळा बघूया."

विजयसिंह काळा गॉगल लावून वर आला.

"अहो, अंधारात गॉगल?" क्रांतीनं विचारलं.

"ह्यो माझा हॅलोविनचा ड्रेस," तो म्हणाला. आणि तिच्या कानाशी म्हणाला, "आत डोळे मिटले तर भाईर दिसत न्हाई." गॉगलच्या ह्या वापराचा शोध त्यानं त्याच दिवशी लावला होता आणि त्याचा त्याला अभिमान वाटत होता.

इतक्यात जिन्यावरून नंदूचा आवाज आला. "पप्पा, तुमच्यासाठी सरप्राईज आणलोय!"

तिच्या हाताला धरून एक उंच म्हातारी वर आली. सत्तरी ओलांडलेली, पण पाठीचा कणा सरळ. विजयसिंहानं गॉगल वर करून बघितलं. ती धोंडुबाई होती. थोरला पोरगा साखर कारखान्यात लागल्यापासून ती वारणानगरला कॉलनीत राहायची, आणि नंदूनं तिथं विचारत विचारत तिला शोधून काढलं होतं.

"माझ्या पप्पांनी तुमाला काय म्हटलं हुतं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय सगळ्यांना," नंदू म्हणाली.

धोंडुबाईनं विजयसिंहाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणाचा रं तू?"

"सरनोबतांचा, काकी. विजयसिंह."

"असशील बाबा. त्या शूटिंगला लई पोरं हुती. समदी एकसारखी, नाकं गळणारी. मला न्हाय आठवत."

विजयसिंहानं सोडलेला श्वास इतका मोठा होता, की किल्ल्यावरची पणती विझता विझता राहिली. म्हातारीला आठवत नाही! देव आहे. त्यानं स्वतः उठून तिला खुर्ची दिली, घारगा दिला, पाठीमागं उशी दिली.

चादरीवर उजेड पडला. क्रांतीनं लग्नातली डबलबेडची चादर काढून दिली होती. तिच्या कडेला मोरांची नक्षी होती, त्यामुळं पिक्चरमधली सगळी माणसं मोरांच्या मधून ये-जा करत होती. पोरं भिण्याच्या तयारीनं बसली होती, पण भीती कुठून येणार? पहिल्याच प्रसंगात पाटील आला आणि तालमीतला एक जण ओरडला, "अरं, हे तर आमचं मोठं मामा!" मग मामांच्या नावानं शिट्टी. मुडदा वाहून नेणाऱ्यांत रंकाळ्यावरचा भेळवाला निघाला. मुडदा म्हणून झोपलेला माणूस अण्णासोचा चुलता होता आणि तिरडीवर त्यानं नाक खाजवलं, ते सगळ्यांनी बघितलं. विजयसिंह भडंगाचे बकाणे भरत होता आणि मनात म्हणत होता, काय पिक्चर निवडलाय!

मग तळं आलं.

गाणं थांबलं, वारा सुरू झाला. "आलं, आलं, आलं!" नंदू कुजबुजली आणि तिनं मोबाईल वर धरला. विजयसिंहानं सवयीनं गॉगलमागं डोळे मिटले. थालीपीठ, थालीपीठ, असं मनाला बजावत तो ताठ बसून राहिला. पाण्याचा डुबुक आवाज आला. तबला घुमला. पोरांची किंकाळी झाली, धावाधाव झाली, आणि त्यातून एकच आवाज राहिला, चिरका, लांबलचक, पत्र्यावरून खिळा ओढल्यासारखा.

"आयेऽऽऽ! मला नगं खाऊ! अण्ण्याला खा! अण्ण्या जाड हाय! त्यो बघ, झाडामागं लपलाय! अण्ण्याला खाऽऽ!"

तो आवाज ओळखीचा आहे, हे विजयसिंहाला आधी कळलं. कुणाचा, ते मागून कळलं. त्यानं गॉगल काढला.

चादरीवर, दोन मोरांच्या मधे, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतलं एक पोरगं होतं. कपाळावरचा भोवरा तोच, बाहेर आलेले कान तेच. भीतीनं त्याला दिशा राहिली नव्हती. सगळी पोरं तळ्यापासून लांब पळत होती आणि हे एकटं हडळीकडंच पळत सुटलं होतं. सरळ जाऊन त्यानं तिच्या ओल्या लुगड्याला मिठी मारली, आणि तिथंच, तिच्याच पोटात तोंड खुपसून, "हडळ आलीऽऽ" म्हणून टाहो फोडला. हडळीनं क्षणभर कॅमेऱ्याकडं बघितलं, आता काय करू ह्या अर्थानं. मग खाली वाकली आणि पदरानं त्याचं नाक पुसलं. तिथं प्रसंग तुटला.

पहिल्यांदा बोलला तो अण्णासो, अगदी शांतपणे, एकेक शब्द तोलून.

"विज्या. चाळीस वर्सं तुझ्या ताटात जेवलो. आणि तू मला हडळीला वाढला हुतास?"

मग जे हसणं फुटलं त्यानं वरच्या टाकीतलं पाणी हिंदकळलं, असं शेजारचे अजून सांगतात. पेपर बनून आलेला पोरगा इतका लोळला, की त्याच्या अंगावरची अर्धी गणितं फरशीला लागली.

"आत्ता आठवलं!" धोंडुबाईनं मांडीवर थाप मारली. "तूच व्हय रं त्यो! बया बया, काय वराडलास! डबिंगला दुसरं पोरगं आणलतं, पन त्याला तसलं जमंना. शेवटी डायरेक्टर म्हणला, ऱ्हाऊ द्या, ह्येच्यावानी पुन्यांदा कोन भिनार न्हाई."

विजयसिंहाच्या डोक्यात भट्टी पेटली होती. अजून एक फट दिसत होती. तो उठला, मिशीला हात लावला आणि म्हणाला, "अभिनय हुता त्यो! डायरेक्टरनं शिकवलंतं मला!"

"व्हय की," धोंडुबाई म्हणाली. "चड्डीबी अभिनयानंच भिजली हुती. पिळून मी वाळत घातली, माझ्या लुगड्याशेजारी."

आता पिळायचं म्हणजे नेमकं कोणी काय पिळलं होतं, तेही सगळ्यांपुढं आलं. विजयसिंह परत खुर्चीत बसला. तालमीकडं बघायचं धाडस नव्हतंच, पण त्याला त्यांची फिकीरही नव्हती. त्यानं हळूच मान वळवून लेकीकडं बघितलं.

नंदू हसत नव्हती. तिनं चादरीवरचा पिक्चर थांबवला होता. तिनं तो प्रसंग मागं नेला आणि पुन्हा लावला. पोरगं पुन्हा धावलं, पुन्हा त्यानं अण्ण्याला हडळीपुढं केलं, पुन्हा हडळीनं नाक पुसलं. मग ती बापाच्या खुर्चीशी येऊन जमिनीवर बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "म्हंजे तुमालाबी भ्या वाटतंय?"

विजयसिंहानं गॉगलची दांडी दोनदा उघडली, दोनदा मिटली. "पिक्चरचं," तो म्हणाला. "नुसतं पिक्चरचं. गव्याचं खरं हाय."

"कुठल्या पिक्चरचं?"

"सगळ्या. जाहिरातीचंबी."

नंदूनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मग हसली ती अशी, की तिला उचकी लागली. "पप्पा, हॉस्टेलवर पोरी पिक्चर लावत्यात तवा मी मागं बसून डोळे मिटून घेतो. सरनोबताची पोरगी वराडली तर लोक काय म्हणतील, म्हणून. ही पार्टी पोरींनी ठरवली हुती, मी म्हटलं घरातच करूया, पप्पा शेजारी असले की निभंल. तुमी एकेक पिक्चर कट करत हुता तवा मी देवाला नारळ बोलत हुतो!"

"अगं मग बोलायचं न्हाई?" विजयसिंह ओरडला.

"कुणाला? वाघाला?"

क्रांती कढई घेऊन वर येत होती, ती जिन्यातच बसली, कारण हसू आणि कढई दोन्ही एकदम पेलेना.

"झालं का बापलेकीचं?" आदितीनं संधी साधली. "मग आता बाहुलीचा लावू? कुणाची हरकत?"

विजयसिंहानं टेरेसवर नजर फिरवली. लपवायला आता काहीच उरलं नव्हतं, आणि त्यामुळं त्याला कुस्ती संपल्यावर अंगावरची माती धुतल्यासारखं हलकं वाटत होतं. "लाव," तो म्हणाला. "पण मी मधी बसणार. एका बाजूला नंदू, एका बाजूला अण्णासो."

"मी का?" अण्णासो म्हणाला. "पुन्हा वाढायला?"

"आणि काकी माझ्या मागं. हडळ आपल्या बाजूला असलेली बरी."

त्या रात्री विजयसिंह सरनोबतानं आयुष्यात पहिल्यांदा भुताचा पिक्चर उघड्या डोळ्यांनी, शेवटपर्यंत बघितला, आणि तो असा काही ओरडला की कळंब्याच्या जेलमधल्या पहारेकऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या, असं पुढं गल्लीत पसरलं. बाहुलीनं नुसती मान वळवली तरी तो "आयेऽऽ" म्हणायचा, नंदू त्याच्या दंडाला धरून त्याच सुरात किंचाळायची आणि अण्णासो दोघांच्याही वरच्या पट्टीत. तालमीतल्या एका पैलवानानं डोळ्यांवर टॉवेल घेतला. धोंडुबाई तेवढी शेवटपर्यंत शांतपणे घारगे खात होती. मधे एकदा म्हणाली, "बाहुलीचं काम बरं हाय. पान्यात उतराय लागत न्हाई."

पिक्चर संपला, पोरं रस्सा ओरपून पांगली. अण्णासोचं घर पुढच्याच गल्लीत, पण आदितीनं हाताला धरल्याशिवाय तो फाटकाबाहेर पाऊल टाकेना. धोंडुबाईचं अंथरूण हॉलमध्ये घातलं. नंदू दात घासायला बाथरूममध्ये शिरली, आतून कडी लागली, आणि नळाचा आवाज सुरू झाला. मग तो थांबला.

"मम्मी," आतून आवाज आला. "उद्या भाजी कुठली गं?"

क्रांतीनं तोंड उघडलं होतं, पण तिच्या आधी विजयसिंह दाराशी जाऊन उभा राहिला. बाहुली अजून माळ्यावर होती, आणि माळा बरोबर त्याच्या डोक्यावर. तो दाराला पाठ लावून टेकला.

"दोडका," तो म्हणाला.

"आणि परवा?"

"परवा वांगं. तेरवा शेपू. सावकाश दात घास बाळ, मी हाय हितंच." आणि जरा थांबून, गळा साफ करून, हॉलकडं तोंड करून त्यानं हाक दिली, "काकी, जागी हायस न्हवं?"